आवाज काढणारे इंगवलेदादा

"अविनाश जर्मनीत काय करतो?" असं तासगावात कुणी विचारलं, की इंगवलेदादांच्या आई सांगायच्या, "गाड्यांचा आवाज काढतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, तोंडानं. दादांनी फोनवरून त्यांना कितीदा तरी समजावलं, की अगं, गाडीतला नको तो आवाज शोधायचा आणि काढून टाकायचा. त्यासाठी मोठी खोली असते, तिच्या भिंतींना फोमचे सुळके लावलेले असतात, आत उभं राहिलं तर स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येते. आई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तेच की. तेच सांगितलं मी."

नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात दादांनी हे काम बावीस वर्षं केलं. काचेच्या रबरातून शिरणारी वाऱ्याची शीळ, डॅशबोर्डाच्या आतली कुरकुर, दार लावताना येणारा डब्यासारखा आवाज, हे सगळे त्यांचे जन्माचे वैरी. मग विजेच्या गाड्या आल्या. त्यांना मुळातच आवाज नसतो. अशी गाडी अंगावर येईपर्यंत रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही, म्हणून नियम झाला की कमी वेगात तिने काहीतरी आवाज करायलाच हवा. तो आवाज तयार करणाऱ्या गटात कंपनीने दादांना नेऊन बसवलं. पन्नाशी उलटल्यावर आईंचं म्हणणं असं शब्दशः खरं झालं. मी त्याच कंपनीत सुट्या भागांच्या खरेदीचं काम बघत होते. एकदा कॅन्टीनमध्ये विचारलं, "दादा, नवीन काम कसंय?"

"बावीस वर्षं घरातले उंदीर मारले," ते म्हणाले, "आता म्हणतात, उंदीर तर राहिले नाहीत, तूच जरा चीं चीं कर."

आम्ही एकाच घरात राहायचो. गावाबाहेर, द्राक्षांच्या उताराला लागून फ्राउ हेगेले नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं तीन मजली घर होतं. तळमजल्यावर, उतारामुळे काही पायऱ्या चढून, त्या स्वतः, मधे दादा, सुलभावहिनी आणि त्यांची केतकी, आणि वर आम्ही नवरा-बायको. दादांना कुणी विचारलं, की इतक्या लांब कसं करमतं, तर खिडकीतून बाहेर हात करायचे. "द्राक्षबागेतनं उठलो आणि द्राक्षबागेतच येऊन बसलो. फरक एवढाच, की इथं छाटणीला मला कुणी बोलवत नाही."

वडिलांचं तासगावात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. तिथून दादांनी दोन गोष्टी आणल्या. एक, शर्टाच्या खिशात कायम असलेला, जाडी मोजायचा व्हर्निअर. दुसरी, माणसांबद्दल मत देण्याची पद्धत. माझ्या चुलतबहिणीला एक स्थळ आलं होतं, मुलगा म्युनिकचा. त्याला घरी जेवायला बोलावलं. तो गेल्यावर मी दादांना विचारलं, कसा वाटला. दादांनी थोडा विचार केला. "बसेल," म्हणाले, "पण कुरकुरेल." लग्न झालं. आज सहा वर्षं झाली. बसलंय, आणि कुरकुरतंय.

मापाचं वेड इतकं, की एकदा जेवताना त्यांनी वहिनींच्या भाकरीला व्हर्निअर लावला. "कडेला तीन मिलिमीटर, मधे दोन. म्हणून फुगली नाही."

वहिनी किंडरगार्टनमध्ये पंचवीस पोरं सांभाळून आलेल्या. त्यांनी परात उचलली आणि दादांच्या पुढ्यात ठेवली. दादा मुकाट्याने उठले, हात धुतले, भाकरी थापली. आकार ऑस्ट्रेलियाचा झाला, पण जाडी सगळीकडे अडीच मिलिमीटर. तीही फुगली नाही. "तव्याचा दोष आहे," असं म्हणून त्यांनी ती एकट्याने संपवली.

नियमाचा हा माणूस इतका पक्का, की सकाळी सहाला ओसाड रस्त्यावरही पायी चालणाऱ्यांचा दिवा लाल असला तर उभा राहणार. आमच्या भागात केअरवोखं नावाची एक प्रथा आहे. जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. इतर घरांतले भाडेकरू पाटी दिसली की सुस्कारा सोडायचे. दादा पाटी दिसली की बाह्या सरसावायचे. पायपुसणं उचलून त्याखालची फरशी पुसायचे, नंतर पायपुसण्याची खालची बाजूसुद्धा. फ्राउ हेगेले दारातून बघत असायच्या. तीन वर्षं त्या काही बोलल्या नाहीत. चौथ्या वर्षी त्यांनी दादांच्या हातात मागच्या कोठाराची किल्ली ठेवली.

"आत ओट्टोची गाडी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नीटनेटकेपणा कळतो. बघा काय होतंय तिचं."

ओट्टो त्यांचा नवरा. त्याला जाऊन अठरा वर्षं झाली होती. गाडी अमेरिकन, दोन दारांची, बॉनेटच एवढं लांब की त्यावर चौघांची पंगत बसावी. पूर्वी आमच्या भागात अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या. मायदेशी परतणाऱ्या एका सैनिकाकडून ओट्टोने ती घेतलेली. आत आठ सिलिंडरचं इंजिन. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. म्हणजे गाडी कमी आणि पैलवान जास्त. अठरा वर्षं ती ताडपत्रीखाली झोपून होती, तिच्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या.

दादा त्या दिवशी वर आले ते चेहरा उजळलेला. "मेधा, इंजिनाचा अख्खा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. वडील असते तर हात फिरवत बसले असते."

दीड वर्ष दर शनिवार-रविवार दादा कोठारात. इंजिन उतरवलं, उघडलं, एकेक भाग रॉकेलात धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडला. प्रत्येक नटाला चिठ्ठी. वहिनी कोठाराच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "अहो, जेवायला येताय, का ताटाला पण चिठ्ठी लावून ठेवू?" केतकी एकदा मैत्रिणीला घेऊन आली आणि वडिलांचे गाडीखालून नुसते पायच दिसताहेत म्हटल्यावर "पापा, पाइनलिश!" म्हणून निघून गेली. म्हणजे लाज आणता. दादा गाडीखालून म्हणाले, "हे बघ, पाय स्वच्छ आहेत."

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी इंजिन सुरू झालं. मी वर खिडकीपाशी होते. आधी एक खोकला आला, मग दुसरा, आणि मग असा आवाज झाला की आमच्या कपाटातले काचेचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले. उतारावरचे पक्षी उडाले. समोरच्या घरातले गृहस्थ कात्री हातात घेऊन कुंपणापाशी आले आणि रविवारची दुपार ही कायद्याने शांततेची वेळ असल्याचं ओरडून सांगू लागले. ते काय सांगताहेत हे अर्थातच कुणाला ऐकू आलं नाही. जगभरातल्या गाड्या गप्प करणारा माणूस कोठाराच्या दारात उभा राहून लहान पोरासारखा हसत होता.

फ्राउ हेगेले बाल्कनीत आल्या होत्या. दोन्ही हातांनी कठडा धरून उभ्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

दादांनी ते बघितलं आणि इंजिन बंद केलं. वर जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. बाईंनी रुमालाने डोळे टिपले आणि एवढंच म्हणाल्या, "एकदा विम्फेनला जायला हवं. रविवारी. ओट्टो न्यायचा तिथे."

बाड विम्फेन म्हणजे नदीवरच्या टेकडीवरचं जुनं, बुरुजांचं गाव. आमच्याकडून पाव तासाचा रस्ता. दादांनी शब्द दिला, की वसंतात गाडीची नोंदणी झाली की पहिली फेरी विम्फेनला.

आता दादांच्या हातून जे झालं ते सांगायला हवं. त्यांनी स्वतः कुणाला सांगितलं नसतं.

इंजिनाभोवती पाणी खेळतं, ते थंडीत गोठू नये म्हणून त्यात एक द्रव मिसळतात. दादांनी गळती तपासायला म्हणून आधी नुसतं पाणी भरलं होतं. चाचणी झाली की काढून टाकायचं, असं वहीत लिहिलं होतं. तेवढ्यात भाच्याचं लग्न ठरलं आणि डिसेंबरात सगळे तीन आठवडे तासगावला गेले. त्या तीन आठवड्यांत इकडे पारा उणे बाराला टेकला. याच माणसाने निघण्यापूर्वी जिन्यात सूचना लावली होती, 'बागेचा नळ बंद करून पाइपातलं पाणी काढून टाकावं, नाहीतर पाइप फुटतो.' खाली सही, अ. इंगवले.

परत आल्यावर आठवडाभर दादा कुणाशी धड बोलले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, "तिकडून काहीतरी बाधलंय. पोट नाही, दुसरंच काहीतरी." शेवटी एका संध्याकाळी ते वर आले आणि दारातच उभं राहून म्हणाले, "पाणी राहिलं."

मला कळेना. "कशात?"

"ब्लॉकमध्ये. फुटला. अंगठा जाईल एवढी चीर आहे." मग म्हणाले, "एका माणसानं जीव लावलेली वस्तू होती, मेधा. तो गेल्यावर अठरा वर्षं सांभाळून ठेवली बाईंनी. आणि मी तीन आठवड्यात..."

फ्राउ हेगेलेंना सांगायला ते शर्ट इस्त्री करून गेले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हो, हो. लोखंडच ते." आणि कॉफी ठेवली. दादांनी याचा अर्थ असा लावला, की बाईंना फार मोठा धक्का बसला आहे आणि त्या तो दाखवत नाहीयेत.

तसल्या इंजिनाचा दुसरा ब्लॉक शोधण्यात दोन महिने गेले. हॉलंडमधून एक आला. खोका उघडून दादांनी त्यावर हात फिरवला, मग हातोडीने हलकेच टक केलं आणि मान हलवली. त्यालाही चीर होती, रंगाखाली झाकलेली. अमेरिकेतून मागवायचा तर शरद ऋतू उजाडणार होता. आणि इकडे बाईंनी जाहीर केलं होतं, की ऑगस्टअखेर त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार. जिना आता होत नव्हता.

मार्चमध्ये दादा बॉबलिंगेनजवळच्या एका भंगार गाड्यांच्या आवारात गेले ते एक इंजिन घेऊनच आले. मागून ठोकर बसलेल्या सेडानचं, चार सिलिंडरचं, टर्बोवालं. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा छोटा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्यामुळे जुन्या आठ सिलिंडरच्या निम्म्याहून लहान असलेलं हे इंजिन ताकदीला त्याच्यापेक्षा सरस. वहिनींनी कोठारात येऊन ते बघितलं. "एवढ्या मोठ्या घरात हे एवढंसं?"

"दिसायला लहान आहे," दादा म्हणाले, "पण ओळखीचं आहे."

ओळखीचं म्हणजे खरंच ओळखीचं. याच जातीच्या इंजिनाचा आवाज काढण्यात दादांनी तीन वर्षं घालवली होती. त्याच्या झाकणाखालचा फोमचा तुकडासुद्धा दादांनी ठरवलेल्या जाडीचा. दुनियेत एवढी इंजिनं असताना त्यांच्या वाट्याला भंगारातून आलं ते त्यांनीच मुकं केलेलं.

जुन्या गाडीत नवं इंजिन घालणं म्हणजे काय, हे मी त्या चार महिन्यांत जवळून बघितलं. लांबीला ते सैल बसलं, पुढे बादली ठेवता येईल एवढी जागा उरली. पण टर्बोचा पाइप नेमका स्टिअरिंगच्या दांड्याला भिडला. दादांनी पुठ्ठ्याचे पाइप करून करून शेवटी एक वळण शोधलं, ते दांड्यापासून अकरा मिलिमीटरवरून जात होतं. इंजिनाला धरून ठेवणारे कंस त्यांनी स्वतः कापून वेल्ड केले. जड इंजिन गेल्यामुळे गाडीचं नाक वर उचललं गेलं, ती कुणाचातरी राग आल्यासारखी दिसायला लागली. मग पुढच्या स्प्रिंगा बदलल्या.

आणि एवढं करून इंजिन सुरू व्हायचं आणि दोन सेकंदांत बंद पडायचं. दहा वेळा, वीस वेळा. दादांनी लॅपटॉप जोडला आणि हसायला लागले. नव्या इंजिनाचा संगणक आपल्या आधीच्या सेडानला शोधत होता. दाराचं कुलूप कुठंय, पट्टा लावलाय का, मालकाची किल्ली कुठंय, असं विचारत होता आणि उत्तर मिळालं नाही की चोर समजून बंद पडत होता.

"हे माझ्यासारखंच आहे," दादा म्हणाले. "नवीन आलो तेव्हा मीही असाच. रोज सकाळी उठायचो आणि दोन सेकंदांत बंद पडायचो. कागदावर नाव लागेपर्यंत धीर येत नाही." त्यांनी ते प्रश्न एकेक करून काढून टाकायला तीन रविवार घेतले. चौथ्या रविवारी इंजिन सुरू झालं आणि सुरू राहिलं. मी खिडकीत होते. मला कळलंच नाही. वहिनींनी खालून हाक मारून सांगितलं तेव्हा मी खाली गेले.

दादा बॉनेटपाशी उभे होते. चेहऱ्यावर आनंद होता आणि दुसरंही काहीतरी होतं. पंखा फिरताना जरासा फुस्स आवाज यायचा, एवढंच. टर्बो धुराबरोबर आवाजही पिऊन टाकतो, राहिलेला फोमने खाल्ला.

केतकी सहज म्हणाली, जर्मनमध्येच, की पापा, कामावर करता तसं करा ना. लाउडस्पीकर लावा आणि आठ सिलिंडरचा आवाज वाजवा.

दादा रागावलेले मी त्या एकदाच बघितले. "गाडी खोटं बोलणार नाही," ते मराठीत म्हणाले. "ऑफिसात बोलते तेवढं पुरे."

आता परवानगी. जर्मनीत गाडीला नवा आरसा लावायचा तरी शिक्का लागतो, इथे तर अख्खं इंजिन बदललेलं. तपासणी अधिकाऱ्यांचं आडनाव होतं क्नोब्लाउख, म्हणजे लसूण. वहिनी त्यांना लसूणराव म्हणायच्या. दादांनी काम सुरू करण्यापूर्वीच त्यांना भेटून सगळं विचारून घेतलं होतं, आणि ऐंशी पानांची फाइल केली होती. लसूणरावांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं, "हे बघा, इंजिन बदललंत की ही वारसा-गाडी राहणार नाही. जुन्या गाडीचा खास नंबर मिळणार नाही." दादांना ते लागलं होतं, पण नियम होता.

जुलैत शेवटची तपासणी झाली. दादांबरोबर मी आणि वहिनी गेलो होतो, कारण वहिनींचं म्हणणं, निकाल काहीही लागला तरी गाडी चालवत घरी आणायला एखादं शुद्धीवरचं माणूस हवं. लसूणरावांनी वेल्ड बघितले, ब्रेक बघितले, खाली शिरून अकरा मिलिमीटर स्वतः मोजले. मग धुराच्या नळकांड्यामागे आवाज मोजायचं यंत्र लावलं. "सुरू करा."

"सुरू आहे," दादा म्हणाले.

लसूणरावांनी यंत्राकडे बघितलं. त्याला दोन चापट्या मारल्या. बॅटरी काढून परत घातली. मग यंत्र खाली ठेवून ते स्वतः गुडघ्यावर बसले आणि नळकांड्यापाशी कान नेला. बराच वेळ तसेच होते.

"हेर इंगवले," उठत ते म्हणाले, "अशा गाड्या घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि आवाज फार आहे म्हणून मी त्यांना परत पाठवतो. तीस वर्षं हेच करतोय. आज पहिल्यांदा वाटलं, थोडा तरी हवा होता." आणि शिक्का मारला.

दादा घरी आल्यावर जिन्यात मला म्हणाले, "कागद झाले. पण बाईंना काय सांगू? त्या माणसाचा आवाज होता तो. मी घालवला."

त्यातच ऑगस्ट उजाडायच्या आत फ्राउ हेगेले अंघोळ करताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून त्या घरी आल्याच नाहीत, थेट वृद्धाश्रमात गेल्या. दादा दर दोन दिवसांनी भेटून यायचे. गाडीचा विषय त्या काढायच्या नाहीत, म्हणून तेही काढायचे नाहीत. शेवटी वहिनींनीच तिथल्या नर्सशी बोलून एक रविवार ठरवला.

त्या रविवारी दादांनी परत इस्त्रीचा शर्ट घातला. मी आणि वहिनी मागच्या सीटवर, चाकाची खुर्ची घडी करून डिकीत. बाईंना पुढे बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली. त्यांनी हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि वाट बघत बसल्या. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. जरा वेळाने त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "चला, करा सुरू."

"फ्राउ हेगेले," दादा म्हणाले, "आपण निघालोय."

त्यांनी डोळे उघडले. काचेतून झाडं मागे जाताना बघितली. दादांनी मग पाठ करून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. ओट्टोंची गाडी तुम्ही माझ्या हाती विश्वासाने दिलीत, माझ्या चुकीमुळे त्यांचं इंजिन गेलं, हे इंजिन चांगलं आहे पण याला त्यांचा आवाज नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून...

"थांबा," बाई म्हणाल्या. "मी तुमच्याशी आता नेहमीच्या आवाजात बोलतेय का?"

"हो."

"आणि तुम्हाला ऐकू येतंय?"

"हो, स्पष्ट."

बाईंनी गुडघ्यांवरची शाल सारखी केली. मग बोलायला लागल्या. ओट्टो दर रविवारी या गाडीतून विम्फेनला न्यायचा. जाताना पाव तास, येताना पाव तास. घरात बोलायची सोय नव्हती, घरात सासू होती. गाडीत बोलावं म्हटलं, तर ते इंजिन. त्या काही म्हणाल्या, की ओट्टो कानाकडे बोट दाखवायचा, ऐकू येत नाही म्हणून. सत्तावीस वर्षं. "आणि हेर इंगवले," त्या म्हणाल्या, "त्याला ऐकू यायचं. सगळं ऐकू यायचं."

दादांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. "पण इंजिन सुरू झालं तेव्हा... तुम्ही बाल्कनीत रडत होता."

"रडेन नाहीतर काय? एवढी वर्षं शांततेत गेली होती. म्हटलं, आला परत."

वहिनींनी तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. दादा कसेबसे म्हणाले, "पण तुम्हीच म्हणालात, विम्फेनला..."

"विम्फेन म्हटलं मी. गाडी तुम्ही म्हणालात. बसही जाते तिथे."

दीड वर्ष अधिक चार महिने दादांनी त्या गाडीत घातले होते. नदी लागली, डाव्या हाताला द्राक्षांचे उतार लागले. आणि मग बाई पुन्हा बोलायला लागल्या, पण वेगळ्या, हळू आवाजात. त्यांना एक मुलगी झाली होती. चार दिवस जगली. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं, ओट्टोला ते कधी सांगितलं नव्हतं, कारण त्या विषयावर तो खोलीतून उठून जायचा. गाडीतून उठून जाता येत नाही, म्हणून त्या दर रविवारी ठरवून निघायच्या, की आज सांगायचं. आणि ओट्टो किल्ली फिरवायचा.

"काय नाव?" दादांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

विम्फेनचा बुरूज दिसायला लागला. फाटा आला. ज्या माणसाने बावीस वर्षांत एक लाल दिवा ओलांडला नव्हता आणि त्या दिवसाच्या वेळापत्रकात कॉफी सव्वातीनला लिहिली होती, त्याने फाटा सोडून दिला आणि गाडी सरळ नदीकाठाने पुढे नेली. बाई बोलत होत्या. पुढचंही गाव गेलं, त्याच्या पुढचंही. दादा ना वेग वाढवत होते, ना कमी करत होते, अधूनमधून फक्त "हो" म्हणत होते. परत आलो तेव्हा आश्रमात संध्याकाळचं जेवण सुरू झालं होतं. उतरताना बाई म्हणाल्या, "पुढच्या रविवारी विम्फेन दाखवा हं. आज राहिलं."

त्यानंतर जवळपास सहा महिने दोघांचे रविवार ठरलेले होते. बाईंनी आश्रमात काय सांगितलं कोण जाणे, पण शेजारच्या खोलीतल्या बाईंनी दादांना 'मलाही न्याल का' असं विचारलं, मग पलीकडच्या खोलीतल्या गृहस्थांनी. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, म्हाताऱ्यांना अमेरिकन गाडीची हौस. नर्सने कॉरिडॉरमध्ये नावं लिहायला कागद लावला. फ्राउ हेगेले मार्चमध्ये गेल्या, झोपेतच. मला वाटलं, आता हे थांबेल. वहिनी म्हणाल्या, "कसलं थांबतंय? कागद जूनपर्यंत भरलाय." दादांना काय ऐकायला मिळत होतं ते त्यांनी कधी आम्हाला सांगितलं नाही. वहिनींनाही नाही. फक्त एकदा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "मेधा, आवाज काढून टाकला की खाली काय असतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. आम्ही तिथं मोजायचं थांबायचो."

त्याच उन्हाळ्यात मला बॉबलिंगेनला नोकरी लागली आणि आम्ही घर बदललं. निघायच्या दिवशी रविवार होता. सामानाची गाडी पुढे गेली होती. दादांचा निरोप घ्यायला मी आश्रमापाशी गेले, पण ते नुकतेच फाटकातून बाहेर पडत होते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात केला. मी त्यांना दिसले नाही. शेजारी जांभळी टोपी घातलेल्या एक आजीबाई होत्या. त्या दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होत्या, आणि दादांची मान त्यांच्याकडे जराशी झुकली होती. ती एवढी मोठी गाडी माझ्यापासून हातभर अंतरावरून गेली, फक्त चाकांखालची बारीक खडी वाजली.

पुढे द्राक्षांच्या उताराकडे जाणारं उजवं वळण आहे. दादांनी इंडिकेटर दिला होता. वळण आलं, आणि गाडी सरळ गेली. चढावर दिसेनाशी होईपर्यंत तो इंडिकेटर तसाच लुकलुकत होता.